हिकरीच्या पानावरच्या गाठी: पहिल्या हंगामासाठी

भातात चंदेरी पोंगा पाडणारी गादमाशी कोकणातल्या शेतकऱ्याला नवी नाही. तिच्याच सेसिडोमायिडी कुळातल्या कॅरियोमायिया माश्या अमेरिकेच्या पूर्व भागात हिकरी या अक्रोडाच्या कुळातल्या झाडाच्या पानांवर गाठी करतात. तिकडे कीटकशास्त्र शिकायला जाणाऱ्याने या विषयापासून सुरुवात करावी. ब्लेड, भिंग आणि फ्रीज एवढ्यावर बरेच काम होते.

आधी झाड नक्की करा. कोवळी फांदी उभी चिरली की अक्रोडाचा गाभा कप्प्याकप्प्यांचा दिसतो, हिकरीचा भरीव. मग हिकरीची जात पाहा: शॅगबार्कच्या एका पानाला बहुधा ५ पर्णिका (पानाचे सुटे छोटे भाग) असतात, बिटरनटची कळी गंधकासारखी पिवळी असते. ही नोंद नसलेला नमुना पुढे फारसा कामाचा राहत नाही, कारण बऱ्याच माश्या ठरावीक हिकरींवरच गाठी करतात.

गाठी बहुतेक पर्णिकेच्या खालच्या अंगाला असतात: कुठे नळी, कुठे शंकू, कुठे लव असलेला गोळा. ब्लेडने उभी चिरा. गादमाशीची असेल तर आत एकच अळी, पांढरट किंवा पिवळसर, पाय नसलेली. पूर्ण वाढलेल्या अळीच्या छातीखाली तपकिरी काडीसारखा भाग भिंगातून दिसतो. आत माव्यासारख्या किड्यांचा घोळका असेल तर ती फायलॉक्सेराची गाठ. नवखे इथेच सर्वाधिक फसतात.

जूनमध्ये गाठी तोडू नका. अळी तेव्हा अगदी लहान असते, पान सुकले की तीही मरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोळा करा. निसर्गात अळी गळलेल्या गाठीतच जमिनीवर हिवाळा काढते आणि वसंतात कोष करते. आपल्याला तोच हिवाळा डब्यात द्यायचा आहे.

एका झाडावरच्या एकाच प्रकारच्या गाठींना एक डबा आणि एक क्रमांक. तळाशी २-३ सेंमी पीट मॉस (दलदलीतले वाळवलेले शेवाळ), मुठीत दाबले तर थेंब गळू नये इतकेच ओले. फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ३ ते ४ महिने. दर पंधरवड्याला झाकण उघडून पाहा: जास्त ओल झाली की बुरशी चढते, कमी पडली की अळी आक्रसते. दोन्हींत दुसरी चूक वाईट, कारण बाहेरून गाठ ठणठणीत दिसते.

डबा बाहेर काढल्यावर रोज तपासा. माशी फार थोडे जगते. स्लाइडसाठी ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या. रिकामी गाठ आणि दाबून वाळवलेली पर्णिका त्याच क्रमांकाखाली ठेवा. माशीऐवजी बारीक परजीवी गांधीलमाशी निघाली तर तिलाही तोच क्रमांक द्या.