सुपर मीटिओर ६५० की शॉटगन ६५०: घेण्याआधी दोन्ही कशा पारखायच्या

रविवारी सकाळी पोह्याच्या गाडीसमोर माझी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर ही बाइक उभी असली की कुणीतरी येऊन विचारतंच, भाऊ ही घेऊ का शॉटगन घेऊ, आणि पोहे संपेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं मी सांगतो पण दरवेळी अर्धं राहूनच जातं. म्हणून आज सगळं एकदा बसून लिहितोय. माझी सुपर मीटिओर अडीच वर्षांची झाली, मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो, मामेभावाकडे शॉटगन आहे तो लोकमान्य नगरात, आणि आम्ही महिन्यातून एकदा तरी गाड्या अदलाबदल करून चालवतो, कधी महेश्वर, कधी मांडू, दोनदा थेट पुणे. त्यामुळे दोन्ही गाड्या अंगाला चांगल्या माहीत आहेत.

पहिली गोष्ट, इंजिनची तुलना करण्यात वेळ घालवू नका. दोन्हीत तेच रॉयल एनफिल्डचं ६४८ सीसीचं पॅरलल ट्विन (शेजारी शेजारी दोन सिलिंडर), हवा आणि ऑइलने थंड होणारं, ४७ पीएस, ५२.३ न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअर, स्लिप असिस्ट क्लच (दाबायला हलका, गिअर पटकन उतरवला तरी मागच्या चाकाला झटका न देणारा). हेच इंजिन २०१८ मध्ये इंटरसेप्टरमध्ये आलं होतं. क्रँक २७० डिग्रीची आहे म्हणजे दोन पिस्टन एकसारख्या अंतराने फायर होत नाहीत, म्हणून तो व्ही-ट्विनसारखा (V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा) थोडा लंगडा, गोड ठोका येतो, आणि तो दोन्हीत येतो. ब्रेकही तेच, पुढे ३२० मिमी डिस्क मागे ३०० मिमी, ड्युअल चॅनल एबीएस. वजन सुपर मीटिओरचं २४१ किलो आणि शॉटगनचं २४० किलो, पुढेही दोन आकडे याच क्रमाने देतोय. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, दोन्हीत शोवा कंपनीचे अपसाइड डाउन (उलटे बसवलेले). कागदावर बघितलं तर वाटतं की एकाच गाडीचे दोन रंग आहेत, आणि इथेच लोक फसतात, दिसण्यावर निर्णय करून टाकतात आणि सहा महिन्यांनी पाठ धरून बसतात.

फरक आहे तो तुम्ही गाडीवर कसे बसता यात. सीट, हँडल आणि फूटरेस्ट, या तीन जागा एकमेकांपासून कुठे आहेत त्यावर बाकी सगळं ठरतं, म्हणून पारखायचं ते हेच.

सुपर मीटिओरची सीट जमिनीपासून ७४० मिमी, फूटरेस्ट पुढे, हँडल रुंद आणि तुमच्याकडे ओढलेलं. म्हणजे आरामखुर्चीत बसल्यासारखं पाय पुढे टाकून बसायचं. शॉटगनची सीट ७९५ मिमी, फूटरेस्ट जवळपास गुडघ्याच्या खाली, हँडल सपाट आणि जरा पुढे, त्यामुळे अंग थोडं पुढे झुकतं. माझी उंची पाच फूट सहा इंच, सुपर मीटिओरवर दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात, शॉटगनवर टाचा उचलल्या जातात कारण सीट उंच तर आहेच पण रुंदही आहे, मांड्या फाकतात. भाऊ पाच दहा, त्याला काही फरक पडत नाही. शोरूममध्ये जाल तेव्हा रोजचे बूट घालून जा, चपलेवर जाऊ नका, आणि स्टँडवरून गाडी सरळ करून नुसते बसून राहा, वीस मिनिटं. सेल्सवाला मध्येच ऑफर सांगायला येईल, त्याला म्हणा नंतर बोलू. पाचव्या मिनिटाला दोन्ही छान वाटतात, पंधराव्या मिनिटाला अंग बोलायला लागतं, मनगट का मांडीचा सांधा का कंबर, कुठे ओढ येते ते तेव्हाच कळतं.

आता माकडहाडाचं सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. पाय पुढे असले की खड्डा आला तर तुम्ही पायावर जोर देऊन सीटवरून उचलू शकत नाही, सगळा दणका थेट माकडहाडावर येतो. सुपर मीटिओरच्या मागच्या शॉकअबचा प्रवास, म्हणजे तो किती दबू शकतो ते, १०१ मिमी म्हणजे क्रूझरसारखाच कमी. शॉटगनचा तर आणखी कमी, ९० मिमी, पण तिथे फूटरेस्ट खाली असल्यामुळे खड्डा दिसला की पायावर उभं राहता येतं आणि दणका गुडघे खातात. म्हणजे आकड्यात शॉटगन कडक, पण एकट्याने चालवताना खराब रस्त्यावर मला तीच कमी त्रासाची वाटते. महूच्या पुढे एका पॅचवर मला हा फरक पहिल्यांदा कळला, माझ्या गाडीवर मी प्रत्येक खड्ड्याला दात दाबत होतो आणि भाऊ पुढे नुसता उठत बसत निवांत चालला होता. तुम्हाला कमरेचा जुना त्रास असेल, मणक्याचं काही झालं असेल, तर डॉक्टरांना दोन्ही बसण्याच्या पद्धती दाखवून विचारा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. माझ्या ओळखीतल्या एकाने न विचारता घेतली आणि आठ महिन्यांत विकली.

मागे कोण बसणार हा प्रश्न तर मी सगळ्यात वर ठेवीन. आपल्याकडे एवढी गाडी घेताना घरात परवानगी मिळते ती आपण दोघं फिरू या शब्दावर मिळते ना, मग तो शब्द पाळता येईल अशी गाडी घ्या. सुपर मीटिओरची मागची सीट रुंद आहे, सेलेस्टियल हे व्हेरिएंट घेतलं तर पुढे वारा अडवणारी मोठी काच, जाड सीट आणि मागे पाठ टेकायला बॅकरेस्ट येतो. आमच्या हिला बॅकरेस्टशिवाय आणि बॅकरेस्टसकट दोन्ही अनुभव आहेत आणि ती म्हणते की नुसत्या त्या एका वस्तूमुळे तिला झोप लागेल इतकं निवांत वाटतं, तिला धरून बसावं लागत नाही. शॉटगनची मूळ कल्पनाच एकट्याच्या गाडीची, मागची सीट काढून टाकता येते आणि तशी ती दिसतेही फार देखणी, सीट लावली की डबलसीट चालते पण ती लहान आहे, कडक आहे आणि मागचे फूटरेस्ट उंच वाटतात. भावजय त्यावर ओंकारेश्वरला आली, ऐंशी किलोमीटरच्या आतलं अंतर, उतरल्यावर म्हणाली दादा पुढच्या वेळी मी तुमच्या गाडीवर बसते आणि यांना एकट्याला येऊ दे. तेव्हा टेस्ट राइडला जाताना घरच्यांना सोबत न्या, मागे बसवा, आणि दोन्ही गाड्यांवर कमीत कमी अर्धा तास बसवा. त्यांचं मत तुमच्या मताच्या बरोबरीने मोजा.

टेस्ट राइडचं असं आहे की शोरूमवाले दोन किलोमीटरचा चक्कर देतात, सिग्नलपर्यंत जा आणि या. त्यात काही कळत नाही. सरळ सांगा की मला बायपासवर न्यायचीय, त्यांचा माणूस सोबत आला तरी चालेल. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा, गर्दी नसताना ऐकतात. सगळ्यात उत्तम म्हणजे ओळखीत कुणाकडे असेल तर पेट्रोल भरून द्या आणि एक सकाळ मागून घ्या.

मला रूट विचाराल तर राऊवरून महू, तिथून जाम दरवाजाचा घाट उतरून मंडलेश्वर, महेश्वर, आणि परत येताना धामनोदवरून मोठ्या रस्त्याने. घाट, तुटका रस्ता, गावातले स्पीडब्रेकर आणि सरळ हायवे, सगळं एकाच सकाळी मिळतं. जाताना एक गाडी, महेश्वरच्या घाटावर चहा पिऊन येताना दुसरी असं करू नका, रस्ता वेगळा असल्यामुळे तुलना होत नाही, घाटाच्या अलीकडेच बदला आणि तोच घाट दोन्हींवर उतरा चढा.

तिथे काय बघायचं तर वळणं. सुपर मीटिओरचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १५०० मिमी आणि पुढचं चाक १९ इंची, शॉटगनचा १४६५ मिमी आणि चाक १८ इंची, मागचं अनुक्रमे १६ आणि १७. शिवाय सुपर मीटिओरचे पुढचे फोर्क जास्त तिरके आहेत. याचा अर्थ असा की सुपर मीटिओर सरळ रस्त्यावर रुळावरून चालल्यासारखी चालते, ट्रक शेजारून गेला तरी डुलत नाही, पण वळणात तिला आधीपासून सांगावं लागतं, शेवटच्या क्षणी नाही वळत, आणि जास्त झुकवली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो. पहिल्यांदा घासला तर घाबरून ब्रेक मारू नका, हळूच सरळ करा. शॉटगन वळणात उतरायला तयार बसलेली असते, जामच्या घाटात भाऊ माझ्या पुढे जातो तो त्याच्या कौशल्याने कमी आणि गाडीने जास्त, हे गाड्या बदलल्यावर उलटं झालं तेव्हा पक्कं कळलं.

हायवेवर मात्र हवेचा प्रश्न येतो. सरळ बसून पाय पुढे टाकले की छाती म्हणजे शीड होते, नव्वदच्या पुढे वारा तुम्हाला मागे ढकलतो आणि तुम्ही हँडलला लोंबकळता, तासाभरात खांदे भरतात. काच लावली की छातीवरचा वारा जातो पण काचेची वरची कड तुमच्या हेल्मेटच्या बरोबर समोर आली तर डोकं नुसतं थडथडतं. म्हणून काच असलेली गाडी बघताना कडेवरून रस्ता दिसतो का काचेतून, हे बघा. कडेवरून दिसला आणि डोक्याला मार नसेल तर तुमच्या मापाची आहे. शॉटगनवर अंग पुढे असल्यामुळे वाऱ्यावर थोडं टेकता येतं, ऐंशी-नव्वदला ती एकदम मस्त, पण दिवसभराच्या प्रवासाला मनगटं आणि मान दुखते. इंदूर-पुणे सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्या प्रवासात संध्याकाळी नगरच्या पुढे मी ताजा होतो आणि भाऊ दर चाळीस किलोमीटरला थांबत होता. परतीच्या वेळी गाड्या बदलल्या तर थांबणारा मी होतो.

पेट्रोलचं थोडक्यात. टाकी १५.७ लिटर आणि १३.८ लिटर. मला सामानासकट हायवेवर चोवीसचं अ‍ॅव्हरेज पडतं, गावात वीस. त्या हिशोबाने माझी तीनशेच्या पुढे आरामात जाते, त्याची अडीचशेला पंप शोधते. इंदूरहून निघालं की मी धुळ्यात भरतो, तो सेंधव्यातच भरून घेतो. यात काही अडचण नाही, फक्त माहीत असावं.

ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर) १३५ आणि १४० मिमी, दोन्हीचा कमीच. कॉलनीतले जे हाताने बनवलेले स्पीडब्रेकर असतात ते डबलसीट असताना तिरके घ्यायचे.

घराची पाहणीही करा, हे लोक गाडी आल्यावर करतात. गाडी चाळीस पावलं मागे ढकलून बघा. २४१ किलो चालताना जाणवत नाही कारण वजन खाली आहे, पण गेटच्या उतारावर तोंड आत करून लावली तर मागे काढताना घाम निघतो, रिव्हर्स गिअर नाहीये. माझ्या घराला उतार आहे तर मी नेहमी उलटी लावतो, तोंड रस्त्याकडे. राजवाडा, सराफ्याकडे रात्री खायला जायचं असेल तर मी ही गाडी काढतच नाही, स्कूटरने जातो, लांब गाडी त्या गर्दीत वळवायची म्हणजे आजूबाजूच्या चार जणांना त्रास. शॉटगन तिथे थोडी सोपी पण थोडीच. एप्रिल-मेमध्ये सिग्नलला इंजिनची ऊब दोन्हीत मांडीला लागते, सुती पँटवर जास्त, जाड जीन्सवर कमी.

पैशाचं बोलायचं तर सुपर मीटिओर जानेवारी २०२३ मध्ये ३.४९ लाख एक्स-शोरूमपासून आली आणि सेलेस्टियल ३.७९ होती, शॉटगन जानेवारी २०२४ मध्ये ३.५९ पासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो, आधी सेस धरून ३१ होता, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात ठेवून जाऊ नका. दोन्हींचा ऑन-रोड आकडा एकाच दिवशी लिहून घ्या, इन्शुरन्स वेगळा दाखवायला सांगा, आणि त्यात लेग गार्ड, बॅगा, काच, बॅकरेस्ट असं जे तुम्हाला लागणारच आहे ते मिळवा. शॉटगन घेऊन तिला टूरिंगची बनवायला निघालात तर सेलेस्टियलच्या किमतीच्या वर जाल आणि बसायची ढब तरीही तीच राहील.

तर माझं मत असं. डबलसीट फिरणार असाल, दिवसाला तीनशेच्या वर जाणार असाल, उंची पाच सहाच्या आसपास असेल, तर सुपर मीटिओर, आणि शक्य असेल तर सेलेस्टियलच. एकटे फिरता, घाट आवडतात, रोज गावातही चालवायचीय, गुडघे आणि मनगटं ठणठणीत आहेत, तर शॉटगन घ्या आणि खुशीत घ्या. भावाने तीच घेतली आणि त्याच्यासाठी ती बरोबर आहे.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यातच ती अंगाला बसवून घ्या. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर अ‍ॅडजस्ट होतात, बोटांच्या लांबीप्रमाणे फिरवा. हँडलचा कोन सर्व्हिस सेंटरवाला दहा मिनिटांत बदलून देतो, मनगट वाकत असेल तर अर्धा इंच खाली वर करून बघा. मागच्या शॉकअबचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) एकट्याला वेगळा आणि डबलसीट सामानाला वेगळा, दोन्ही बाजूंचा सारखाच ठेवायचा, मी माझे दोन्ही आकडे सीटखाली कागदावर लिहून ठेवलेत. चेनला पाचशे किलोमीटरला ल्यूब, पावसात त्याच्या आधीच. टायरची हवा सकाळी गार टायरवर बघायची, निघायच्या दिवशी पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो आणि आकडा चुकीचा येतो, म्हणून पाचेकशे रुपयांचं एक छोटं गेज घेऊन ठेवा, ते दोन्ही गाड्यांना चालतं.