बाळाचा पहिला वाढदिवस: दीड महिना आधीपासूनची तयारी

घरात साडेदहा महिन्यांचं पोर असलं की हॉल, केक आणि कपडे या तीन विषयांवर रोज रात्री बैठक बसते. खरं तर या तिन्हींपैकी एकही गोष्ट अडून राहत नाही. सांगलीत केक आदल्या दिवशी सांगूनही मिळतो. काही कामांना मात्र पहिला वाढदिवस ही खरोखरची मुदत असते, आणि ती कामं कुणाच्याच यादीत नसतात. आमच्या चिरंजीवांचा वाढदिवस फेब्रुवारीअखेर येतोय, त्या हिशेबानं ही तयारी लिहिते आहे. तुमच्याकडे तो पावसाळ्यात येत असेल तर द्राक्षं वगळा आणि गच्चीऐवजी हॉल धरा. बाकी फारसं काही बदलत नाही.

सगळ्यात आधी जन्मदाखला काढून नीट वाचा. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरीच राहते. जन्माच्या नोंदीत नाव १२ महिन्यांच्या आत घातलं तर शुल्क लागत नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पण विलंब शुल्क भरून. आता आपल्याकडची गंमत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. आई-बाबा राहतात सांगलीत, बाळ जन्मलं कराडला. मग नोंद कराड नगरपालिकेत, आणि नावही तिथंच लागणार. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या खिडकीत कितीही वेळ उभं राहिलं तरी उपयोग नाही. तेव्हा माहेरची पुढची फेरी शनिवार-रविवारी न ठेवता कामाच्या दिवशी ठेवा आणि कोणकोणती कागदपत्रं लागतात ते मामाला आधी विचारून ठेवायला सांगा. नाव घालताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं आई-बाबांच्या आधारशी ताडून बघा. आडनावात एक ए की दोन, वडिलांच्या नावात डब्ल्यू की व्ही, एवढ्याशा फरकानं पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत अडतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा मुख्य पुरावा म्हणून हाच कागद धरला जातो. दाखला हातात आला की बाळाचं आधार. त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. फोटो, दाखला आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचं आधार एवढ्यात होतं. ठशांचं काम पाचव्या वर्षी. रेशनकार्डावर नाव चढवायचं असेल तर तेही याच धामधुमीत उरकून घ्या.

दुसरी मुदत लसींची. लसीकरणाचं कार्ड कपाटाच्या लॉकरमध्ये सोन्यासोबत ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते बाहेर काढा. नऊ महिन्यांच्या रकान्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर, पोलिओचं इंजेक्शन आणि 'अ' जीवनसत्त्वाचा १ मिलीचा डोस, हे सगळं भरलेलं आहे का बघा. सर्दी होती, पाहुणे होते, लग्न होतं, अशा कारणांनी यातलं काहीतरी मागं पडलेलं असतंच. राहिलं असेल तर आत्ताच घ्या, वाढदिवसाच्या आठवड्यापर्यंत ढकलू नका. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर काही बाळांना आठवड्या-दीड आठवड्यानं ताप येतो, बारीक पुरळही उठतं. ते फारसं काळजीचं नसतं, पण केकसमोर तापलेलं बाळ कुणाला हवंय? तिथंच वजन आणि उंची करून घ्या. वर्षाला वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. तुमचं बाळ जरा कमी भरलं तरी कार्डावरची रेष वर चढते आहे ना, हे डॉक्टर जास्त बघतात. आशाताईंनी दिलेलं आयर्न सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली चालू आहे ना, तेही तपासा. त्यानं शी काळी होते म्हणून अनेक घरांत बाटली गुपचूप फ्रीजच्या मागं गेलेली असते. काळी होऊ दे. औषध चालू ठेवा.

आता घर. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वाढदिवसाला घरात तीस-चाळीस माणसं येणार आणि प्रत्येकाला वाटणार की बाळाकडे दुसरं कुणीतरी बघतंय. एका दुपारी ते झोपलं की फरशीवर पालथं पडा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर बघा. सोफ्याखाली पेनाचं टोपण दिसेल, टीव्हीच्या टेबलामागं पिन, पायपुसण्याच्या कडेला वाटाणा. न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करून उपडी ठेवायची सवय सगळ्या घराला लावा. एवढ्या लहान बाळाला वीतभर पाणीही घातक असतं. अंगणातल्या पाण्याच्या टाकीचं झाकण पक्कं बसतं का, जिन्याला खालून आणि वरून काही आडवं लावता येतं का, हेही बघा.

देवघराकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडे ते खाली, पाटावर आहे, म्हणजे रांगणाऱ्याच्या थेट हाताशी. समई, निरांजन, काड्यापेटी हे सगळ्यांना कळतं. कापराची डबी कळत नाही. कापूर दिसतो खडीसाखरेसारखा, आणि एखादी वडी पोटात गेली तरी बाळाला झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही त्याच पंगतीतल्या. दोन्ही वरच्या फळीवर गेल्या पाहिजेत, आजपासून. सासूबाईंनी आधी कुरकुर केली, "इतकी वर्षं इथंच आहे की डबी, काय झालंय का कुणाला?" मग एकदा आरतीच्या वेळी त्यानं घंटा सोडून डबीला हात घातलेला त्यांनीच पाहिला. आता डबी दत्ताच्या फोटोच्या मागं, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत असते.

दागिन्यांचं तसंच. आत्या वाळे आणणार, आजोळहून करगोटा येणार, गळ्यात साखळी पडणार. वाळ्यांची घुंगरं एकेक करून चिमटीत धरून ओढून बघा. सैल निघालं तर सोनाराकडून पक्कं करून घ्या नाहीतर काढूनच टाका. गळ्यातला काळा दोरा आणि साखळी फोटोपुरती. झोपताना गळ्यात काही नको.

खाण्याचा मुद्दा निघाला की घरात दोन पार्ट्या पडतात. केक बाळाचा म्हणून पहिला घास त्याला, हे ठरलेलं. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि बेकरीच्या केकवर तर साखरेचाच थर. मी मधला मार्ग काढलाय: पाहुण्यांना मोठा केक, आणि त्याच्या पुढ्यात रवा, पिकलेलं केळं, दूध आणि भिजवून वाटलेला खजूर घालून कुकरमध्ये केलेला वाटीएवढा केक. तो हातानं कुस्करू दे, तोंडाला फासू दे, फोटोही त्याचेच चांगले येतात. मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत थेंबभरही नाही. मधातल्या एका जंतूच्या बीजांमुळे लहान बाळाच्या स्नायूंची ताकद जाते, असा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आदल्या दिवशी औक्षण करताना कुणी प्रेमानं मधाचं बोट लावायला आलं तर हसून थांबवा. एकदा वर्ष उलटलं की हे बंधन संपतं. वरचं गाईचं दूध मुख्य पेय म्हणून सुरू करायलाही हाच टप्पा; तेही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच, नाहीतर पोट दुधानं भरतं आणि भाकरी-आमटी बाजूला राहते. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालतं. "आता वर्षाचा झाला, सोडव की" असं सांगणाऱ्या सगळ्यांना मान डोलवावी आणि आपलं चालू ठेवावं.

आणि आता आपल्या सांगलीचा खास धोका. फेब्रुवारीत घरोघरी तासगावकडची द्राक्षं, वर्षभर डब्यात बेदाणे, आणि पाहुणे म्हटलं की भडंग. या तिन्हीत घशात अडकणारी गोष्ट आहे. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं श्वासनळीच्या मापाचं. बाळाला द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करायच्या, बी असेल तर काढायचं. आडवं अर्धं कापलेलं द्राक्षही अडकतं, म्हणून उभंच. बेदाणे भिजवून, कुस्करून. भडंगातले शेंगदाणे तर पाच वर्षांपर्यंत अख्खे द्यायचेच नाहीत. चुलतमामा मांडीवर घेऊन प्रेमानं एक दाणा भरवतो, तो दाणा नको. "एवढ्यानं काय होतंय, खाऊ दे की!" हे वाक्य त्या दिवशी दहादा ऐकू येणार, तेव्हा दाण्यांची भांडी टेबलावर ठेवून खाली फरशीवर काही सांडणार नाही असं बघायला घरातल्या एका थोराड पोराला नेमून टाका. पोरं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

घरातल्या निदान दोन माणसांना घास अडकल्यावर काय करायचं ते माहीत हवं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, खांद्याच्या पात्यांमध्ये तळहातानं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. घास दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, त्यानं तो आणखी आत जातो. वर्ष झालेल्या मुलाला थापांनंतर छातीऐवजी पोटावर दाब देतात, ते आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष बघून घ्या. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

जावळाचा घोळ वेगळा. काहींकडे ते पहिल्या वर्षाच्या आत, काहींकडे तिसऱ्या वर्षी. कुणाचं खरसुंडीच्या सिद्धनाथाला, कुणाचं पालीच्या खंडोबाला, कुणाचं जोतिबाला. तुमच्या घरच्या रीतीत मी पडणार नाही. एवढंच की जावळ आणि वाढदिवस एकाच दिवशी ओढून आणू नका. पहाटे उठवून गाडीत घातलेलं, मामाच्या मांडीवर रडून दमलेलं बाळ संध्याकाळी हसणार नाही. न्हाव्याला वस्तऱ्यात नवीन ब्लेड आपल्यासमोर घालायला लावा. आणि केसांसकट फोटो हवे असतील तर फोटोवाल्याला आधी बोलवा, हे वेगळं सांगायला नको.

कार्यक्रमाची वेळ बाळाच्या झोपेवरून ठरते. तारखेनं करायचा की तिथीनं, रविवारी की त्याच दिवशी, हा वाद मोठ्यांनी मिटवावा. तिथीला सकाळी औक्षण आणि गणपती मंदिरात दर्शन, रविवारी संध्याकाळी पाहुणे, अशी वाटणी बहुतेक घरांत खपते. बाळ चारला झोपून साडेपाचला उठत असेल तर कार्यक्रम सहाला सुरू, साडेसातला केक-औक्षण उरकलेलं. पत्रिकेत "सायं. ६ वा." लिहिलं की आपल्याकडे माणसं साडेसातला येतात, त्यामुळे फोनवर साडेपाच सांगा. स्पीकर बाळापासून लांब ठेवा. फुगे कमी, आणि ते बाळाच्या हातात नकोतच. फुटलेल्या फुग्याची चिंधी घशावर चिकटून बसते. वाजणारी मेणबत्ती, चमचम करणारे दिवे यांत बटणासारखा छोटा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू लागते, म्हणून त्या वस्तू दुकानातच ठेवा. कपडे सुती, मागं टाचण्या नसलेले. शेरवानीचा हट्ट असेल तर औक्षणापुरती घालून लगेच झबलं.

"चालतोय का?" या प्रश्नाचं उत्तरही तयार ठेवा, कारण समोरच्या काकूंची नात नवव्या महिन्यातच चालत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात एकट्यानं चालायला लागण्याचा काळ साधारण आठ ते अठरा महिन्यांचा दिसतो. भिंतीला धरून सरकतोय म्हणजे छान चाललंय. त्या प्रश्नापायी वॉकर मात्र घरात आणू नका.

पाहुणे गेले की आवरायची घाई करा ती फरशीपासून. भांडी सकाळी घासता येतात. केर काढून, पुसून मगच बाळाला खाली सोडा. भेटवस्तूंच्या कागदाचे स्टेपल, टाचण्या, दाणे, फुग्यांचे तुकडे सगळं त्या केरात सापडतं. आलेल्या खेळण्यांच्या सेलची झाकणं स्क्रूनं बंद होतात का बघा, नुसती सरकणारी असतील तर सेल काढून ठेवा. वर्षाच्या मापाचे सहा ड्रेस आले असतील तर दोन ठेवा, बाकीचे पावतीवर दीड-दोन वर्षांच्या मापात बदलून घ्या. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं कार्ड परत लॉकरमध्ये जायच्या आधी कॅलेंडरवर १६व्या महिन्याची तारीख लिहून टाका: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर. खासगी डॉक्टरांकडे जात असाल तर १२ महिन्यांनंतरच्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस एच्या लसीचं त्याच आठवड्यात फोन करून विचारा.