टेम्प्लेट लावलं आणि वारशातला मेंबर गायब

नांदेड-लातूरकडची पोरं सी++ शिकून पुण्यात लागली की कधी ना कधी हा फोन येतोच. "दादा, मेंबर बेस क्लासमध्ये आहे, पब्लिक आहे, तरी 'वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप' म्हणायलंय. टेम्प्लेट काढलं की नीट चालायलंय."

त्या शेवटच्या वाक्यातच दुखणं आहे. टेम्प्लेट म्हणजे टी हा टाइप नंतर भरायचा साचा.

समजा, गोदाम<टी> हा बेस क्लास आणि त्यात पोती हा मेंबर, मोज() हे फंक्शन. मोंढा<टी> त्यातून वारशानं काढलाय आणि त्याच्या फंक्शनमध्ये नुसतं पोती++ लिहिलंय. कंपायलर टेम्प्लेट दोन फेऱ्यांत तपासतो. पहिल्या फेरीत टी माहीत नसतो. ज्या नावाचा टीशी संबंध दिसत नाही, ते तिथंच सापडावं लागतं. मग तो गोदामात का डोकावत नाही? कारण उद्या कुणी गोदाम<कापूस> असं स्पेशलायझेशन, म्हणजे एका टाइपपुरतं वेगळं रूप, लिहील आणि त्यात पोती नसतील, गाठी असतील. टी कळेपर्यंत आत काय आहे याची खात्री कोण देणार?

म्हणून धिस->पोती लिहा. शोध दुसऱ्या फेरीवर जातो. तेच नाव सारखं लागत असेल तर क्लासमध्ये एकदाच यूझिंग गोदाम<टी>::पोती; टाका. गोदाम<टी>::मोज() असा कॉल मात्र मी टाळतो. मोज व्हर्च्युअल, म्हणजे वारस क्लासला बदलता येणारं, असलं तरी मग थेट बेसचंच चालतं. बेसमधला टाइप हवा असेल तर धिस कामाचं नाही, टाइपनेम गोदाम<टी>::दर असं लिहावं लागतं.

फंक्शनच्या बाबतीत जीसीसी हा कंपायलर -एफपर्मिसिव्ह या सैल पर्यायाची वाट दाखवतो. तिकडं जाऊ नका. 'विंडोजवर चालत होतं' हेही ऐकू येतं. व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर याबाबत बरीच वर्षं ढिला होता, 2017 च्या आवृत्तीत /पर्मिसिव्ह- हा कडक पर्याय आला.

एरर आली तर नशीब समजा. एखाद्या हेडरमध्ये मोज() नावाचं ग्लोबल फंक्शन असेल तर नुसत्या मोज() ला तेच सापडतं, कोड गुपचूप कंपाइल होतो आणि आकडे चुकतात. रिव्ह्यूला टेम्प्लेट आलं की मी आधी असली उघडी नावं शोधतो.