सॉफ्टवेअर कंपनीत हार्डवेअर चाचणीची खोली उभारताना

लातूरच्या एखाद्या आडत दुकानातील बिलिंगचे सॉफ्टवेअर वजनकाटा, बारकोड स्कॅनर आणि प्रिंटर यांच्या जोडीनेच चालते, त्यामुळे ते केवळ लॅपटॉपवर तपासून ग्राहकाच्या हाती देणे योग्य नाही. मराठवाड्यातील छोट्या कंपनीलाही एका खोलीत चाचणीची व्यवस्था करता येते. मात्र तिची सुरुवात यंत्रांच्या खरेदीऐवजी विजेपासून करावी, कारण वीज आणि यंत्र भरवशाचे नसतील तर सापडलेला दोष सॉफ्टवेअरचाच आहे, असे म्हणता येत नाही.

प्रथम परवानाधारक वायरमनकडून खोलीतील प्रत्येक सॉकेट मल्टिमीटरने तपासून घ्यावे. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तितकाच, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडा दाब दिसला पाहिजे. आपल्याकडची काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत सुकून भेगाळते आणि ओल गेल्याने तिचा विद्युत रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी घालावे आणि तपासणी पावसाळ्यात नव्हे, भर उन्हाळ्यात करावी. संगणकाच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग पोहोचत नसल्याची ती खूण समजावी. अशा अवस्थेत संगणक आणि वजनकाटा सिरियल केबलने जोडल्यास पोर्ट जळू शकतो. जोडलेली सर्व यंत्रे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर ठेवावीत.

नंतर यंत्राची पारख करावी. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून मेमरी तपासावी, डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवत असलेली नोंद) वाचावी आणि बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती नोंदवहीत लिहावी. वजनकाट्याकडून आकड्यांऐवजी अगम्य चिन्हे आली, तर कोडला हात लावण्यापूर्वी दोन्हीकडचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि पॅरिटी (पाठवण्यातील चूक ओळखण्याची खूण) जुळवून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आपल्या भागासाठी सर्वांत मोलाची चाचणी वीज जाण्याची आहे आणि तिच्यात कसूर करू नये. चाचणीचे यंत्र यूपीएसवर न ठेवता वेगळ्या स्विचवर घ्यावे, बिल जतन होत असतानाच स्विच बंद करावा, आणि पुन्हा सुरू केल्यावर शेवटचे बिल पूर्ण आहे का, पुढचा क्रमांक बरोबर येतो का आणि साठ्याचा आकडा जुळतो का, हे पाहावे. काही डिस्क माहिती स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत घेऊनच लिहून झाल्याचे कळवतात, म्हणून एकदा बिल शाबूत राहिले एवढ्यावर समाधान न मानता वेगवेगळ्या क्षणी वीज तोडून हीच चाचणी अनेकदा करावी आणि ती वेगवेगळ्या डिस्कवरही घ्यावी.

यंत्र उघडताना, विशेषतः हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, १ मेगाओहमचा रोध असलेला अँटिस्टॅटिक (अंगावरच्या स्थिर विजेपासून यंत्राला वाचवणारा) पट्टा मनगटाला बांधावा. चाचणीचे मोबाइल कायम चार्जिंगला ठेवू नयेत. एखाद्याची स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असते आणि तो तत्काळ बाजूला काढावा.

शेवटी काही चाचण्या एसी बंद करून घ्याव्यात. ग्राहकाचा संगणक पत्र्याच्या छपराखाली चालत असतो आणि प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून प्रत्येक निकालाशेजारी खोलीचे तापमान लिहावे.