हिवाळ्यात ट्राउटची पिल्लं सापडत नाहीत? या चुका टाळा

स्वीडन-फिनलंडच्या नद्यांवर नव्याने काम करणारा हमखास विचारतो: ऑगस्टमध्ये याच खळाळात ब्राउन ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची बोटभर पिल्लं होती, नोव्हेंबरात गेली कुठे? बहुतेकदा ती त्याच्या बुटाखालच्या गोट्यांतच असतात.

पहिली चूक म्हणजे भर दिवसा शोधणं. पाणी साधारण ८–१० अंशांखाली उतरलं की पिल्लं दिवसा दगडांच्या फटीत शिरतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. थंडीत त्यांचं अंग मंदावतं. त्यांना खाणाऱ्या मिंकचं (मुंगसासारखा एक प्राणी) आणि पाणमांजराचं मात्र नाही, तेव्हा दिवसा लपणंच शहाणपणाचं. म्हणून दिवसाच्या इलेक्ट्रोफिशिंगचा (पाण्यात वीज सोडून मासे गुंगवून मोजण्याचा) आकडा पडला की लगेच ‘मासे मेले’ असं लिहू नका. रात्री टॉर्च घेऊन उथळ, संथ काठाने चाला. उन्हाळ्यात ती जिथे असतात त्या जोरकस धारेत हिवाळ्यात शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: नुसते दगड मोजणं. लाकडाचे ओंडके वाहून नेण्यासाठी इथल्या नद्यांमधले मोठे धोंडे एकेकाळी काढून टाकले गेले. स्वीडनच्या विंडेल नदीत ही वाहतूक १९७६मध्ये थांबली. पुढे धोंडे परत टाकायचं काम सुरू झालं. पण धोंडा वाळूत अर्धा रुतला असेल तर पिल्लाला त्याचा उपयोग काय? माझी कसोटी साधी आहे. दगडाच्या बुडाशी बोट घाला. बोट आत गेलं तर घर आहे. वाळू लागली, तर कागदावर तो अधिवास कितीही छान दिसो, जानेवारीत तो रिकामाच. आधी गाळ कुठून येतो ते पाहा. वरच्या अंगाला जंगलात खणलेले चर बरेचदा दोषी निघतात.

बर्फाबद्दलही गैरसमज आहे. वरचं जाड झाकण बहुधा आसराच असतं. त्रास देतो तो उघड्या खळाळात कडाक्याच्या रात्री तळाच्या दगडांना चिकटणारा बर्फ, कारण तो फटीच बुजवतो.

आणि जलविद्युत केंद्राखाली पाणी झपकन उतरवायची वेळ दिवसाची ठेवू नका. उन्हाळ्यात पिल्लू पाण्यामागे सरकेलही. हिवाळ्यात दिवसा ते गोट्यांत दडलेलं असतं आणि काठाबरोबर कोरडं पडतं. उतरवायचंच असेल तर अंधार पडल्यावर, आणि सावकाश.