सासू-सासरे राहायला येतात तेव्हा जावयाने काय करावं

खानदेशात जावयाचे लाड कसे करावेत, हे कुणाला शिकवावं लागत नाही. धोंड्याच्या महिन्यात आपण नुसतं पाटावर बसायचं. उलटं झालं, म्हणजे थकलेले सासू-सासरे लेकीकडे राहायला आले, की मात्र आपली तारांबळ उडते. माझे रावेरकडून, म्हणजे केळीच्या मुलखातून येतात, आम्ही धुळ्यात. चार-पाच खेपांत जे जमलं आणि जे फसलं, ते सांगतो.

१. बोलावणं तुम्ही करा

बायकोने फोन केला तर "बघू" म्हणतात. जावयाने केला की तारीख ठरते. लेकीच्या घरचं खाऊ नये, हे जुन्या माणसांच्या मनातून जात नाही. सासूबाई पहिल्यांदा आल्या त्या पिशवीत कळण्याचं पीठ, तूरडाळ आणि तुपाची बरणी घेऊनच. मी हसलो. हसायला नको होतं. पीठ मुकाट्याने घ्यावं आणि त्याच रात्री त्याच्या भाकरी व्हाव्यात. ज्वारीत अख्खे उडीद घालून जाडसर दळलेलं ते पीठ. शहरातल्या पाकिटाला ती चव नाही.

२. प्रवास

एसटीत 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना फुकट. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवायला सांगा. मे महिना असेल तर पहाटेचीच गाडी. आणि स्टँडवर स्वतः जा.

३. घर

आधी न्हाणीघर बघा. ओली फरशी, शेवाळलेला कोपरा, हाताला धरायला काही नाही, म्हातारी माणसं पडतात ती इथेच. पलंग असा हवा की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील. कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते.

तहान लागली का, असं विचारू नका. या वयात ती नीट कळत नाही. दर तासाभराने पेला हातात द्या. मात्र पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल, किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

४. जेवण

"काय करू?" या प्रश्नाला एकच उत्तर येतं: "आम्हाले काही नको." म्हणून विचारायचं असं: "आज डुबुकवडे की पातोडीची भाजी?" मग सासूबाई लगेच पातोडी म्हणतात, आणि रस्सा कसा झाला पाहिजे तेही सांगतात. दात नसतील तर बट्टी वरणात कुस्करून द्या, वर तूप. शेवभाजीची तर्री आपल्यापुरती.

५. काम द्या

बाकी सगळं थोडंफार चुकलं तरी चालेल, पण हे चुकवू नका. पहिल्या खेपेला मी दोघांना "तुम्ही फक्त आराम करा" म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे धोतर-टोपी चढवून, पिशवी घेऊन दारात उभे. "गावी कामं आहेत." कसली कामं, शेत तर वाट्याने दिलेलं!

पुढच्या वेळी दूध आणणं त्यांच्याकडे दिलं. दोन दिवसांत दूधवाल्याच्या म्हशी किती, कोणती आटली, सगळं त्यांना ठाऊक. सासूबाईंनी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातल्या. सकाळी आठ वाजायच्या आत खाली यायचं, एवढीच माझी अट. त्या खेपेला दोघं बारा दिवस राहिले.

६. फिरणं

एकच ठिकाण, तेही ऊन उतरल्यावर. आम्ही पांझरेकाठी एकवीरा देवीला जातो.

७. निघताना

"पुन्हा कधी?" म्हणण्याऐवजी महिना ठरवूनच सोडा. सासूबाई पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून हातावर ठेवतील. नाही म्हणू नका, वाकून नमस्कार करा आणि घ्या. पिशवीत पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणि उन्हात सुकलेल्या बिबड्यांतला अर्धा वाटा. फक्त केळी देऊ नका. रावेरच्या माणसाला केळी दिली की तो वर्षभर सांगत सुटतो.