नवा हीटर घेण्याआधी या चुका टाळा: हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च नेमका कुठे वाढतो

बिल हातात पडलं की पहिला विचार येतो तो नवा हीटर घेण्याचा. खरं तर तो सगळ्यात शेवटी यायला हवा. खर्च दोनच गोष्टींवर ठरतो: घरातून उष्णता किती वेगानं बाहेर जाते आणि ती भरून काढायला तुम्ही उष्णता कोणत्या भावानं विकत घेता. पिंपाला भोक पडलंय आणि लोक मोठा नळ शोधतायत, असा प्रकार दर हिवाळ्यात दिसतो.

'कमी वीज खाणारा' हीटर शोधणं

ऑइल हीटर, फॅन हीटर, सिरॅमिक, हॅलोजन, इन्फ्रारेड यांतला कुठलाही घ्या, १५०० वॅटचा हीटर तासाला दीड युनिट खातो आणि दीड युनिटाचीच उष्णता देतो. तारेतून वीज नेऊन ती तापवायची, एवढंच या सगळ्यांचं काम. त्यात ना काही वाया जातं, ना काही वाढवून मिळतं. खोक्यावर 'इको' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की त्या बटणावर तो १५०० ऐवजी ७५० वॅटवर चालतो. तेवढी ऊबही निम्मीच.

फरक आहे तो उष्णता पोचवण्याच्या पद्धतीत. फॅन हीटर लगेच गरम हवा फेकतो आणि बंद केला की तितक्याच लगेच संपतो. ऑइल हीटरला तापायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण बंद केल्यावरही तो बराच वेळ ऊब देत राहतो. त्यामुळे अर्ध्या तासासाठी ऑइल हीटर लावणं शुद्ध वेडेपणा: तो तापेपर्यंत तुम्ही खोलीतून निघालेले असता. हॅलोजन किंवा इन्फ्रारेडची ऊब हवेला नव्हे, समोर बसलेल्या माणसाला लागते. एकाच जागी बसून काम करणाऱ्याला ४०० वॅटचा इन्फ्रारेड पुरतो, अख्खी खोली तापवावी लागत नाही. बचत झाली ती खोली सोडून माणूस तापवल्यामुळे. झोपताना गादीवर पसरायची विजेची चादर याच न्यायानं स्वस्त पडते. १०० वॅटची चादर आठ तास पूर्ण ताकदीवर चालली तरी ०.८ युनिट होतं. १५०० वॅटचा हीटर तेवढं अर्ध्या तासात संपवतो.

या नियमाला खरा अपवाद एकच, हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो. त्यामुळे सौम्य थंडीत १ युनिट विजेत ३ किंवा त्याहून जास्त युनिटांची उष्णता मिळू शकते. थंडी कडक झाली की हा आकडा खाली येतो, तरी बहुधा साध्या हीटरपेक्षा वरच राहतो. गंमत अशी, की कित्येक घरांत तो भिंतीवर आधीच टांगलेला असतो. ज्या एसीच्या रिमोटवर 'हीट' किंवा सूर्याचं चिन्ह आहे तो बहुधा हीट पंपच. (काही जुन्या एसींमध्ये मात्र नुसती कॉइल असते, म्हणून माहितीपुस्तिका उघडून पाहा.) लोक तो उन्हाळ्यापुरता समजून कव्हर घालून ठेवतात आणि त्याच्याच खाली २००० वॅटचा हीटर लावून बसतात.

एसी हीटवर लावताना झडपा खाली वळवा, नाहीतर गरम हवा छतालाच चिकटून राहते. तापमान २० ते २१, पंखा ऑटोवर. मोड मात्र ऑटो नको, 'हीट'च निवडा. ऑटोवर दुपारी मशीन स्वतःहून थंड हवा सोडू शकतं. रोज चालत असेल तर फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा. मधेच पाच-दहा मिनिटं गरम हवा थांबते आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते, ते युनिट जमलेला बर्फ वितळवत असतं. बिघाड समजून ते पुन्हापुन्हा बंद-चालू करू नका, आणि थंडी लागेल म्हणून बाहेरच्या युनिटवर प्लास्टिक तर अजिबात टाकू नका.

मातीच्या कुंडीखाली चार मेणबत्त्या लावून खोली तापवण्याचा उपाय अजूनही फिरतोय. छोटी मेणबत्ती सुमारे ३०-४० वॅट उष्णता देते. वर कुंडी ठेवल्यानं त्यात एका वॅटचीही भर पडत नाही, आग लागायची शक्यता तेवढी वाढते.

थर्मोस्टॅटला ॲक्सिलरेटर समजणं

घरात शिरल्याशिरल्या थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर थांबवणारी कळ) ३० वर नेला तर घर लवकर तापत नाही. साधा हीटर किंवा बॉयलर (घर तापवायला पाणी गरम करणारं यंत्र) आपल्या ताकदीनं चालतो आणि ठरलेल्या आकड्यावर थांबतो. ३० म्हणजे 'लवकर' नव्हे, 'नंतर थांबू नकोस'. मग कोणीतरी म्हणतं उकडतंय, खिडकी उघडली जाते आणि विकत घेतलेली उष्णता रस्त्यावर जाते. घाई झालेल्या माणसानं तीस मिनिटं आधीचा टायमर लावावा. टायमर लावायचा कंटाळा कुणाला परवडत असेल तर असो.

याचंच जुळं भावंड म्हणजे 'सतत चालू ठेवलं की स्वस्त पडतं'. नाही पडत. आत-बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगानं उष्णता बाहेर जाते. तुम्ही घरात नसताना घर थंड होऊ दिलं तर फरक कमी होतो, गळती कमी होते आणि परत तापवायला लागणारी उष्णता वाचलेल्या उष्णतेपेक्षा कमीच असते. आत २१ आणि बाहेर ६ असेल तर फरक १५ अंशांचा. आतला आकडा एकानं खाली आणला की गळती पंधराव्या भागानं, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास, कमी झाली. मात्र हीट पंपावर चालणारी फरशीखालची हीटिंग असेल तर तिला चालू-बंदचा खेळ मानवत नाही; ती मंद आणि सलग चालू द्यावी.

कमी करायचं म्हणून कुडकुडत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात थंड हवामानात घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलंय, आणि घरात म्हातारी माणसं, तान्हं मूल किंवा आजारी कुणी असेल तर त्याहून जास्त लागू शकतं.

फटी न बुजवता तापवत राहणं

दाराखाली १ सेंटिमीटरची फट कुणालाच मोठी वाटत नाही. दार ९० सेंटिमीटर रुंद असेल तर ती ९० चौरस सेंटिमीटर झाली. भिंतीला साडेनऊ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भोक पाडून कुणी झोपेल का? दाराखाली मात्र तेच चालतं.

४ × ३.५ मीटरची, २.८ मीटर उंचीची खोली घ्या. तिच्यातली हवा तासाला एकदा पूर्ण बदलली आणि बाहेर १५ अंशांनी थंड असलं, तर नुसती ती हवा तापवायला सुमारे २०० वॅट लागतात. फटींमुळे तीच हवा तासाला तीनदा बदलली तर ६०० च्या जवळ. वरचे ४०० वॅट दहा तासांत ४ युनिट खातात, आणि हे फक्त एका खोलीचं गणित.

फटी शोधायला वाऱ्याचा दिवस निवडा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट चालू करा आणि पेटलेली उदबत्ती दारं-खिडक्यांच्या कडेनं सावकाश फिरवा. पडदे आधी बाजूला करा. धूर आडवा वळला तिथे खडूनं खूण. स्विचबोर्डाच्या कडा, एसीचा पाइप भिंतीतून जातो ती जागा आणि खिडकीवरच्या गुंडाळत्या शटरची पेटी विसरू नका. लोक खिडकीला पट्टी लावून मोकळे होतात आणि पाइपाभोवती बोटभर जागा उघडीच राहते.

फोमची पट्टी अंदाजानं आणू नका. मुलांच्या खेळातली क्ले पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौकटीत ठेवा, दार बंद करून उघडा आणि चपटी झालेली जाडी मोजा. पट्टी त्याच्या दुपटीच्या आसपास जाड हवी, म्हणजे दाबल्यावर निम्मी होते. जास्त जाड घेतली तर दार बसत नाही, बिजागऱ्यांवर ताण येतो आणि आठवड्याभरात कुणीतरी वैतागून ती ओढून काढतं. चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटनं पुसून कोरडी करा. धुळीवर लावलेली पट्टी महिनाही टिकत नाही, मग दोष पट्टीला. जिथे दार रोज घासतं तिथे फोमऐवजी रबराची पट्टी, दाराखाली ब्रशची. सिलिकॉन फक्त न हलणाऱ्या भेगांत भरा. उघडणाऱ्या खिडकीला सिलिकॉन मारणारे महाभाग आहेत, पुढे ती कातरून उघडावी लागते.

एक भोक मात्र कधीही बुजवायचं नाही: गॅसवर, लाकडावर किंवा केरोसीनवर चालणारं काहीही असलेल्या खोलीतली हवेची जाळी.

एक खोली गार म्हणून मोठा बॉयलर बसवणं

रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी ज्यातून फिरतं ते खोलीतले पत्रे) असलेल्या घरांत हे नाटक ठरलेलं असतं. खालचा हॉल गरम, वरची टोकाची खोली गार. मालक बॉयलरचं पाणी ८० अंशांवर नेतो. हॉलमध्ये घाम येतो, वरची खोली तशीच. पुढच्या वर्षी बॉयलर 'लहान पडतो' असं ठरतं आणि मोठा बसतो. तो दर काही मिनिटांनी पेटतो-विझतो, गॅस जास्त जळतो आणि वरची खोली? तशीच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

अशा वेळी आधी हात लावून बघावं. रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकलीय. वर गरम आणि खाली मधोमध गार, म्हणजे तळाला गंजाचा गाळ बसलाय. तो धुऊन काढावा लागतो. सगळाच गार पण येणारा पाइप गरम असेल तर बहुधा खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हची पिन अडकलेली असते. जवळचे सगळे कढत आणि लांबचे कोमट, तर पाण्याची वाटणी चुकलीय.

हवा काढायची तर हीटिंग बंद करा, रेडिएटर गार होऊ द्या. घाईनं पंप चालू ठेवून रेडिएटरच्या वरच्या टोकाच्या, हवा काढायच्या स्क्रूला लावलेली किल्ली फिरवली तर उलट हवा आत ओढली जाऊ शकते. खाली फडकं धरा, किल्ली पाव ते अर्धा फेरा फिरवा. फुस्स आवाज संपून पाण्याची सलग धार आली की बंद. स्क्रू पूर्ण काढायचा नाही. मग बॉयलरचा दाब पाहा: गार असताना साधारण १ ते १.५ बार. कमी झाला असेल तर पाणी भरा. दर पंधरा दिवसांनी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी एक्सपान्शन टाकी गेलीय. भरत राहणं हा त्यावर इलाज नव्हे, त्यानं गंज वाढतो.

पिन अडकली असेल तर व्हॉल्व्हचं डोकं हातानं सोडवा. आतली पिन पान्याच्या सपाट बाजूनं हलके दाबा. ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन परत यायला हवी. पकडीनं ओढू नका. पिन निघून आली तर काळं पाणी थेट भिंतीवर.

वाटणीसाठी रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा, टोपीखालचा व्हॉल्व्ह असतो. आधी प्रत्येकाचे आत्ताचे फेरे मोजून कागदावर लिहा. मग सगळे पूर्ण उघडा, गार घरात हीटिंग चालू करा आणि कोणता आधी तापतो ते टिपा. पहिला तापणारा पूर्ण बंद करून पाव फेरा उघडा, पुढचे क्रमानं जास्त, शेवटचा पूर्ण. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपांत सगळीकडे सुमारे १२ अंशांचा फरक राहिला की झालं. एक दुपार जाते. ज्यांना ही दुपार नको असते त्यांच्याच घरी मोठे बॉयलर बसतात.

कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ गार करून तिची उष्णताही वापरणारा) असेल तर परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली आल्याशिवाय धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळत नाही. म्हणून रेडिएटरचं पाणी ६०च्या आसपास ठेवून पाहा. गरम पाण्याची साठवण टाकी मात्र ६० अंशांच्या खाली ठेवायची नाही, त्यात फुप्फुसांचा आजार करणारे लेजिओनेला जंतू वाढतात.

बाकीचं थोडक्यात

पडदा रेडिएटरवरून खाली सोडू नका. सगळी ऊब काचेला मिळते आणि थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हला खोली तापल्याचा भास होतो.

दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवण्याऐवजी दोन वेळा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत.

बंद खोलीत ओले कपडे वाळवले की ते पाणी काचेवर आणि कोपऱ्यातल्या बुरशीत दिसतं. चिमणीला न जोडलेला गॅस हीटरही तेच करतो: १ किलो एलपीजी जळाला की सुमारे १.६ किलो पाणी खोलीत.

२००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर. ६ अँपिअरचा प्लग किंवा गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर यासाठी नाही. भिंतीतला जाड पिनांचा सॉकेट वापरा, आणि तासाभरानं प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर बंद.

'प्लगमध्ये लावा, बिल निम्मं' वाल्या डब्या घेऊ नका. त्यात एक दिवा असतो, तो वीज खातो.

कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत नको, दार किलकिलं ठेवूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी गुंगी येते आणि मग उठायचं भान राहत नाही. जळणाऱ्या कुठल्याही इंधनाच्या घरात त्याचा अलार्म हवाच.

आणि एकाच दिवशी पट्ट्या, पडदे, थर्मोस्टॅट सगळं बदलून 'फरक पडला' म्हणू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहा, असं निदान आठवडाभर. शेजारी बाहेरचं तापमानही लिहा, नाहीतर थंडी ओसरल्याचं श्रेय खिडकीच्या पट्टीला जातं.